सेल्फ स्टोरेज मॅनेजरची नोकरी : छोटा मालक असो वा मोठी कंपनी, या चुका टाळा

अमेरिकेतील सेल्फ स्टोरेजच्या, म्हणजे लोकांना सामान ठेवण्यासाठी शटरच्या कुलूपबंद खोल्या (युनिट) भाड्याने देण्याच्या व्यवसायात एका बाजूला १९७२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली पब्लिक स्टोरेज आणि २०२३ मध्ये लाइफ स्टोरेज विकत घेणारी एक्स्ट्रा स्पेस यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत, तर दुसऱ्या बाजूला हमरस्त्यालगत शटरच्या रांगा उभारून एक-दोन जागा चालवणारी कुटुंबे आहेत. मॅनेजरचे रोजचे काम दोन्हीकडे जवळपास सारखेच असते. युनिट भाड्याने द्यायचे, भाडे वसूल करायचे, आवारात फेरी मारून कुलपे तपासायची आणि रिकामे झालेले युनिट झाडून पुन्हा तयार ठेवायचे. निर्णय कोणाच्या हातात आहे आणि त्याची नोंद कुठे राहते, हे मात्र दोन्हीकडे अगदी वेगळे असते. या नोकरीत शिरणाऱ्या मराठी माणसांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक वेळीच न ओळखल्यामुळे होतात.

राहायला जागा मिळाली म्हणून तासांचा हिशेब सोडणे

छोट्या मालकाकडे ऑफिसला लागून असलेले घर पुष्कळदा नोकरीसोबत मिळते. घरभाडे वाचते म्हणून माणूस ठरावीक पगारावर समाधान मानतो, आणि मग रात्री गेट उघडत नाही म्हणून येणारा फोन, रविवारी रिकामे होणारे युनिट, सकाळी लवकर काढावा लागणारा बर्फ, यांतले काहीच कामाच्या तासांत मोजले जात नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या फेडरल कामगार कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम झाल्यास त्या जादा तासांचा मोबदला दीडपट दराने द्यावा लागतो, आणि नुसता ‘मॅनेजर’ हा हुद्दा दिल्याने ही जबाबदारी टळत नाही. कार्यकारी अधिकारी म्हणून मालकाला जादा दरातून सूट मिळण्यासाठी इतर अटींबरोबरच किमान दोन पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख असावी लागते, आणि एकट्याने जागा सांभाळणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली तर कोणीच नसते. काही राज्यांचे नियम याहूनही कडक आहेत. कॅलिफोर्नियात एका दिवसात आठ तासांपेक्षा जास्त काम झाले तरी जादा दर लागू होतो.

आवारात राहतो म्हणून चोवीस तास कामावर आहोत असे मात्र कायदा मानत नाही. कामाचे तास कोणते आणि विश्रांतीचे कोणते याविषयी मालक आणि मॅनेजर यांच्यातला वाजवी करार तो ग्राह्य धरतो, आणि म्हणूनच तो करार पहिल्याच दिवशी लेखी असला पाहिजे. नोकरी संपल्यावर घर किती दिवसांत सोडायचे हेही त्यातच लिहून घ्यावे, कारण पगार आणि छप्पर एकाच दिवशी हातचे जाणे कुटुंबासाठी फार कठीण असते. करार राहून गेला असेल, तर आजपासून रोजचे तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावेत आणि मालकापुढे विषय लेखी मांडावा. थकलेल्या वेतनाच्या फेडरल दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते, आणि मालकाने जाणूनबुजून उल्लंघन केले असल्यास ती तीन वर्षांची होते.

आपल्या लोकांसाठी येथे एक वेगळा इशारा देणे मला अत्यंत आवश्यक वाटते. छोट्या मालकांना नवरा-बायको दोघांनी मिळून जागा सांभाळावी असे वाटते, आणि ‘वहिनी फक्त फोन घेतील’ अशी बोलणी सहज होऊन जातात. पत्नी किंवा पती एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) असून कामाचा परवाना नसेल, तर काउंटरवरची अशी विनावेतन मदतही अनधिकृत काम ठरू शकते आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवी येऊ शकते. मोठ्या कंपनीत रुजू होताना कागदपत्रांची तपासणी होते आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव नसलेली व्यक्ती काउंटरवर बसू शकत नाही. छोट्या जागी हे भान कुटुंबालाच ठेवावे लागते.

थकबाकीदाराचे सामान घाईने विकणे

भाडे थकल्यावर सामानावर हक्क बजावून त्याचा लिलाव करणे, म्हणजे लीन सेल, हा या नोकरीतला सर्वांत धोक्याचा भाग आहे. त्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात देय तारखेनंतर १४ दिवस भाडे थकल्याशिवाय पहिली लीन नोटीस पाठवता येत नाही. टेक्सासमध्ये हे नियम प्रॉपर्टी कोडच्या ५९ व्या प्रकरणात आहेत. छोटा मालक वैतागून ‘कुलूप तोड आणि सामान बाहेर काढ’ असे फोनवर सांगतो, आणि मॅनेजर त्याचा शब्द प्रमाण मानून तसे करतो. पुढे तक्रार झाली की कुलूप तोडणारा हात मॅनेजरचाच निघतो. अशा वेळी राज्याच्या कायद्यातील पायऱ्या मालकाला ईमेलने कळवाव्यात आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय युनिटला हात लावू नये.

मोठ्या कंपनीत नोटिसा संगणक काढतो, त्यामुळे तेथे चूक वेगळ्या प्रकारची होते. पडद्यावर ‘लिलावास पात्र’ असे दिसले म्हणून मॅनेजर पुढे जातो. मध्यंतरी भाडेकरूने काउंटरवर काही रक्कम भरली होती, त्याने नवा पत्ता कळवला होता किंवा दिवाळखोरीचा अर्ज केला होता, यांपैकी काहीच नोंदलेले नसते. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. भाडेकरू सैन्यात असेल, तर सेवाकाळात आणि त्यानंतर ९० दिवसांपर्यंत न्यायालयाच्या आदेशाशिवाय लीन बजावताच येत नाही. म्हणून लिलावापूर्वी संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ही खात्री करून त्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी. विक्रीच्या दिवशी युनिटचा क्रमांक दाराशी उभे राहून कागदाशी जुळवावा.

चुकीचे सामान विकले गेलेच, तर भाडेकरूशी परस्पर तडजोड करत बसू नये. मालक किंवा कंपनीचा कायदा विभाग आणि विमा कंपनी यांना त्याच दिवशी कळवावे, फोटो व याद्या जपाव्यात आणि घरगुती छायाचित्रे व कागदपत्रे परत करण्याची विनंती खरेदीदाराला लगेच करावी. पैशांची भरपाई होते, त्या वस्तूंची होत नाही.

भाड्याविषयी आपल्या अधिकारापलीकडचे शब्द देणे

मोठ्या कंपन्यांत १० बाय १० फुटांच्या युनिटचा आजचा दर मुख्यालयातील प्रणाली ठरवते आणि राहत्या भाडेकरूंना काही महिन्यांनी दरवाढीची पत्रेही तीच पाठवते. तेथे ‘तुमचे भाडे वाढणार नाही’ असे तोंडी आश्वासन देणे म्हणजे स्वतःच्या नावावर तक्रार ओढवून घेणे होय. छोट्या मालकाकडे याच्या उलट घडते. दर वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि कंपनीतून आलेला नवा मॅनेजर पहिल्याच महिन्यात सरसकट दरवाढ सुचवतो. तेथील भाडेकरू मालकाला नावाने ओळखतात, आणि वाढ योग्य असली तरी ती कोणाला, किती आणि केव्हा द्यायची हे मालकासोबत यादी घेऊन बसूनच ठरवावे लागते. सामानाच्या विम्याबाबतही ‘सगळे कव्हर होते’ असे सांगू नये. पॉलिसीचा कागद हातात द्यावा.

ताबा घेताना दारे न मोजणे

छोट्या जागेचा ताबा घेताना संगणकातील यादीवर विश्वास ठेवणे ही फार महागात पडणारी चूक आहे. यादीत रिकाम्या दिसणाऱ्या युनिटला कुणाचे तरी कुलूप असते, एखाद्या युनिटमध्ये मालकाच्या मेहुण्याचे सामान बिनभाड्याने पडून असते, तर एखाद्याचे भाडे रोख घेतले जात असते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक दार चालत जाऊन तपासावे, फरकांची यादी मालकाच्या सहीने ठेवावी, आणि रोख रक्कम व पासवर्ड स्वतःच्या नावाने वेगळे करून घ्यावेत. ग्राहकांचे कार्ड क्रमांक वहीत लिहिलेले आढळले, तर ती पद्धत त्याच दिवशी बंद करावी.

जागा विकली जाणार, हे गृहीत न धरणे

छोट्या जागा मोठ्या कंपन्या विकत घेतात, किंवा मालकी तशीच राहून व्यवस्थापन त्यांच्याकडे जाते आणि फाटकावरची पाटी बदलते. मालकाने तोंडी कबूल केलेला बोनस, घर आणि सुट्ट्या नव्या व्यवस्थापनावर सहसा बंधनकारक नसतात. म्हणून मुलाखतीतच विक्रीचा विचार आहे का हे विचारावे, आणि विक्री झाल्यास थकलेला बोनस कोण देणार व घर किती दिवस मिळणार, ही दोन कलमे करारात घालून घ्यावीत. मालक ती घालायला तयार नसेल, तर घराची किंमत पगारात धरू नये आणि रोख पगारावरच नोकरीचा विचार करावा.