बडोद्यात जुन्या घरगुती कागदपत्रांच्या जतनाचं काम शिकताना (नवीन येणाऱ्यांसाठी)

मोडी (जुनी मराठी कागदपत्रं जिच्यात लिहीत ती लिपी) येत नाही तर या कामात यावं का, असं नवीन मुलंमुली सारखं विचारतात. या की, मोडी सरावाने येते, आधी शिकायचं ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, न विस्कटणं. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतून जे कागद निघतात ते बऱ्याचदा कापडी रुमालात बांधलेले असतात, आणि उघडल्याबरोबर हात शिवशिवतात की मोडी एकीकडे ठेवू, गुजराती एकीकडे, फोटो वेगळे. अजिबात करू नका!! समजा एकाच रुमालात सावकाराची गुजराती पावती आणि मुलाचं कलाभवनचं (इथली कला आणि तंत्रशिक्षणाची जुनी संस्था) सर्टिफिकेट निघालं, तर कर्ज कदाचित त्या शिक्षणासाठीच काढलं असेल, पण तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या फाइलींत घातलेत की तो प्रश्नसुद्धा पुढे कुणाला पडणार नाही. म्हणून गाठ सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो, मग वरून खाली त्याच क्रमाने मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर, आणि नंबराप्रमाणे यादी. वाचन त्यानंतर.

सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 ला गायनशाळा आणि 1890 ला कलाभवन सुरू झालं, त्यामुळे इथल्या घरांत संगीताच्या वह्या, ड्रॉइंगचे कागद मिळू शकतात. गायनशाळा सुरू करणाऱ्या मौलाबक्षांची नोटेशन (सूर लिहिण्याची) पद्धत स्वतःची होती, तिथे भातखंडे-पलुस्करांची चिन्हं धरून चाललात तर सूर भलतेच निघतील. आणि वहीच्या मागच्या पानांवर किराण्याचा हिशोब असला तर तोही स्कॅन करा, गाणं शिकणाऱ्याचं घर कसं चालत होतं ते तिथेच कळतं, मला तर ती पानं जास्त आवडतात.

तारखांना वेळ द्या. जुन्या मराठी कागदांवर बऱ्याचदा सुहूर सन (मराठेशाहीतली वर्षगणना) असतो, तोही अरबी शब्दांत. ‘सलासीन मयातैन व अलफ’ म्हणजे 1230. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जून ते डिसेंबर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600, म्हणजे हा कागद 1829-30 चा. गुजराती कागदावर विक्रम संवत असतो आणि तो इथे कार्तिकात बदलतो, दिवाळीच्या आसपासचा कागद असेल तर दोनदा तपासा. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही बघत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला रोज थोड्याच ओळी पण मोठ्याने वाचा, कान बरोबर जागी शब्द तोडतो.

बाकी, सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत, पावसाळ्यात ओलसर भिंतीला कपाट टेकवायचं नाही, कसर आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. रीतसर शिकायचं असेल तर दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे.

फोटोतली माणसं ओळखायला घरातल्या आजींजवळ बसा, घाई न करता, कारण सुना-जावांची माहेरची नावं बऱ्याचदा कुठल्याच कागदावर नसतात. आणि दत्तकपत्र, वाटणीपत्र निघालं की भाऊबंदकी जागी होते, तेव्हा काय दाखवायचं, काय बंद ठेवायचं आणि किती वर्षं, हे घरच्यांकडून लेखी घ्या, शक्यतो सगळ्या शाखांच्या सह्यांनिशी, आणि स्कॅनिंग सुरू करायच्या आधी.