पायी चालायचंय, पण नक्की कुठली वाट धरायची? कोल्हापूरकरांसाठी

ज्येष्ठ लागला की मला ओळखीच्यांचे फोन येतात, यंदा चालायचंच आहे पण पंढरपूरच्या वारीला आळंदीहून जाऊ का देहूहून, का एकदम नर्मदा परिक्रमाच करू. माझं म्हणणं एकच, किलोमीटर नंतर बघा, आधी रात्री पाठ कुठं टेकणार ते बघा.

१. आधी इथल्या इथं पाय तपासा. पहाटे निघून जोतिबाला चालत जा, मग दोन दिवस काढून नरसोबाची वाडी करा, मध्ये एक मुक्काम टाकून. लांबच्या वाटेला जे बूट आणि जी सॅक नेणार तीच घ्या. पहिल्या दिवशी कोणीपण चालतं हो, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाय जमिनीला लावताना कसं वाटतं ते महत्त्वाचं.

२. सुट्टी मोजा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची सप्तमीला देहूहून, दोन्हीकडं अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं आणि जवळपास तीन आठवडे घर बंद. त्यातच आपल्याकडं भाताची रोपलागण येते, शेती असेल तर पूर्ण वारीचा हट्ट धरू नका. अशांनी माउलींची वाट धरावी, कारण आपल्या पुण्याच्या रेल्वेलाइनवरच लोणंद आहे, तिथं उतरायचं आणि सामील व्हायचं, पुढं तरडगावच्या आधी चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा धावतो ते, पण बघायला मिळतं. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूजकडून जाते, तिकडं मधूनच गाठायची तर एसटीनं.

३. पहिल्यांदा जात असाल तर दिंडीतच जा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की तंबू, दोन वेळचं जेवण आणि सामानाला ट्रक मिळतो. पहिल्या वर्षी दिवेघाटात माझे मोजे भिजले, मी तसेच ठेवले, सासवडला पोचेस्तोवर टाचेचं कातडं मोज्यासकट निघालं. तिथं दोन मुक्काम होते म्हणून निभावलं, नाहीतर परतच यावं लागलं असतं. तेव्हापासून कोरडे मोजे ट्रकात नाही, खांद्याच्या पिशवीत.

४. नर्मदेचं एवढ्यात ठरवू नका. अडीच हजार किलोमीटरच्या वर चालणं, मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात थांबायचं. जुनी रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आज रात्री कुठल्या आश्रमात जागा मिळेल ते संध्याकाळपर्यंत कळत नाही, आणि ते ज्याला सोसतं त्यानंच जावं. दोन वाऱ्या झाल्या की चैत्रात गुजरातला तिलकवाड्याजवळ उत्तरवाहिनी परिक्रमा करून बघा, नर्मदा उत्तरेकडं वाहते तेवढ्याच टप्प्याची, साधारण एका दिवसाची आहे.

५. भिशी भरायच्या आधी त्या दिंडीत गेल्या वर्षी चाललेल्या एखाद्या मावशींना फोन लावा. तंबूत माणसं किती कोंबतात, बायकांच्या अंघोळीची आणि संडासाची सोय काय, पावसात रात्री तंबूत पाणी शिरतं का, एवढं विचारा, त्या आडपडदा न ठेवता सांगतात.