सुरुंगापासून सुरुवात करा

"ताई, मला किलर रोबॉट्सवर काम करायचंय," असं म्हणणारं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतंच. मीही तिसऱ्या वर्षाला असताना याच नादानं युद्धकायद्यात शिरले आणि पहिल्याच मूटमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या लुटुपुटूच्या खटल्याच्या स्पर्धेत, तोंडावर आपटले.

आमचं अख्खं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, जीनिव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधल्या कलम 36 वर उभं होतं. नवं शस्त्र वापरात आणण्याआधी ते कायद्यात बसतं का, हे देशानं तपासायचं, असं ते कलम. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, "प्रतिवादी देशानं हा प्रोटोकॉल मंजूर केलाय का?" केला नव्हता. स्पर्धेसाठी दिलेल्या काल्पनिक खटल्याच्या दुसऱ्याच पानावर तसं लिहिलं होतं, आणि कोथरूडच्या खोलीत आम्ही तिघींनी ते पान दहादा तरी वाचलं असेल! तेव्हा देश कोणत्या करारात आहे, ते आधी बघा. भारत युद्धातल्या वागणुकीवरच्या 1949 च्या चारही जीनिव्हा करारांत आहे, त्यासाठी 1960 चा स्वतंत्र कायदाही आहे. 1977 च्या या प्रोटोकॉलमध्ये मात्र नाही. मग करारात नसलेल्या देशालाही रूढीनं बांधणारे नियम शोधावे लागतात. रेड क्रॉसच्या 2005 च्या अभ्यासात असे 161 नियम आहेत, नेटवर फुकट. कंटाळवाणे आहेत, तरी वाचा.

विषय डोक्यात उतरला तो विश्रांतवाडीत, मैत्रिणीच्या घरी. तिचे बाबा सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवलं होतं तेव्हा, त्यांनी तिथे सुरुंग पेरले आणि नंतर काढलेही. मी मोठ्या ऐटीत किलर रोबॉटची, म्हणजे स्वायत्त शस्त्राची, व्याख्या सांगत होते: एकदा चालू केलं की लक्ष्य स्वतःच निवडतं, मारा स्वतःच करतं, मधे माणूस नाही.

"अगं, मग माइन, सुरुंग, वेगळं काय करते?" काका म्हणाले. समोरचं वीजबिल उलटं करून त्यांनी ओळी आखल्या, भोवती कुंपण, कोपऱ्यात खुणेचा दगड. "पेरल्या किती, काढल्या किती, हिशोब जुळेपर्यंत सुटका नाही. एक कमी भरली की परत पहिल्या ओळीपासून."

ही नोंद ठेवणं 1996 च्या सुधारित सुरुंग प्रोटोकॉलनं बंधनकारक आहे, आणि त्यात भारत आहे. तोफेतून वा विमानातून टाकायच्या माणूसमार सुरुंगांना तर मुदतही घातलीय: 90 टक्के 30 दिवसांत आपोआप नष्ट व्हायला हवेत, 120 दिवसांनी हजारात एकाहून जास्त जिवंत उरता कामा नये. कुठे, किती वेळ, कशावर: स्वायत्त शस्त्रांवरून जीनिव्हात आज जी ओढाताण चाललीय, ती बरीचशी याच तीन प्रश्नांची. 'कशावर'चं उत्तर सगळ्यात अवघड. हात वर केलेला किंवा जखमी होऊन पडलेला सैनिक कायद्यानं लक्ष्य राहत नाही. यंत्रानं ते ओळखायचं कसं? माणसांवर रोखलेली अशी यंत्रं बंदच करा, असं रेड क्रॉस 2021 पासून म्हणतेय.

भारताच्या भूमिकेवर एका ओळीत निकाल देऊ नका. 2017 आणि 2018 मध्ये या शस्त्रांवरच्या जीनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष भारताचे अमनदीपसिंग गिल होते. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवरचा ठराव 152 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्या चारांतही भारत होता. ही चर्चा जीनिव्हाच्या त्याच तज्ज्ञगटाच्या मंचावर व्हावी, असं आपलं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही, पण मतदानानंतरचं निवेदन मुळातून वाचा, बातमीवर थांबू नका.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यात थेट याच विषयाची जवळपास नाहीच. विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागातली व्याख्यानं चुकवू नका. वकिलीच्या पुस्तकांत नसलेला लष्कराचा शब्दसंग्रह तिथे कानावर पडतो. गणवेश चालणार असेल तर लष्कराची जॅग, म्हणजे कायदेविषयक, शाखा आहे: एलएलबीला किमान 55 टक्के, एसएसबी म्हणजे लष्करी निवड मंडळाची मुलाखत, मग चेन्नईला प्रशिक्षण. माझ्या त्या मूटच्या टीममधली एक तिकडे गेली. मी दिवसा कंपन्यांचे करार तपासते आणि शनिवारी हे वाचते.