जाळीचे लेगवॉर्मर विणताना या चुका टाळा

भाची एडिंबराला शिकायला निघाली, त्याच्या आदल्या रात्री तिने मी विणलेला जाळीचा लेगवॉर्मर (घोट्यापासून पोटरीपर्यंतचा, पाऊल नसलेला मोजा) पायात घालायला घेतला आणि तो टाचेवरच अडला. जाळी निर्दोष होती, एकही भोक चुकलेले नव्हते, पण घोट्याकडचा काठ सुतळीने आवळल्यासारखा घट्ट झाला होता. शेवटी बारीक कात्रीने काठालगतची ओळ कापली, खालून मोकळे झालेले बहात्तर टाके एकेक करून सुईवर उचलले आणि ते सैल हाताने बंद केले. तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. जाळीची धास्ती घेऊन आपण सगळे लक्ष भोकांवर ठेवतो. बिघडते ती मात्र बहुधा नळी, म्हणजे तिचा घेर, तिचे काठ आणि पायावर टिकून राहण्याची तिची ताकद.

उदाहरणासाठी स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरची, लाटांसारखी दिसणारी वीण घेऊ, जिला पुष्कळ जण ‘फेदर अँड फॅन’ म्हणतात. अठरा टाक्यांच्या या नमुन्यात चार फेऱ्या असतात: दोन पूर्ण सुलट, तिसरी जाळीची आणि चौथी पूर्ण उलट. जाळीच्या फेरीत तीन जोड्या (दोन टाके एकत्र सुलट), मग सहा वेळा ‘सुईवर धाग्याचा वेढा, एक सुलट’ आणि पुन्हा तीन जोड्या विणायच्या. म्हणजे चारांतल्या एकाच फेरीत डोके लावावे लागते, आणि म्हणूनच लेगवॉर्मरच्या पहिल्या जोडीसाठी ही वीण मला सर्वांत योग्य वाटते.

पहिली चूक दुकानातच होते. आपल्याकडे सुया अजूनही जुन्या ब्रिटिश नंबरांनी मागितल्या जातात आणि त्या हिशेबात 10 नंबरची सुई 3.25 मिमीची असते. अमेरिकी नमुन्यातली 10 नंबरची सुई मात्र 6 मिमीची, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड असते. शिवाय आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकेत जाड होते. त्यामुळे नंबर विसरून नेहमी मिलिमीटर पाहावेत. दुसरी गफलत ‘लोकर’ या शब्दाची आहे, कारण दुकानात त्या नावाखाली अ‍ॅक्रिलिकही सर्रास मिळते. गुंड्यावरची चिठ्ठी हरवली असेल, तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हा फरक आत्ताच माहीत असलेला बरा, कारण शेवटी धुताना सगळे त्यावरच ठरते.

घेराचा हिशेब मात्र सावकाश करावा. पायाच्या घेराइतकीच नळी विणली, तर ती चार पावलांत घोट्यावर येऊन बसते. ती पोटरीच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी असावी लागते. पोटरी 36 सेंमी असेल, तर नळी 32 ते 33 सेंमी हवी. माझ्या हाताला 3.75 मिमी सुईवर 10 सेंमीत 22 टाके बसतात, म्हणजे चार नमुन्यांच्या 72 टाक्यांचे 32.7 सेंमी होतात आणि गणित जुळते. पण हे 22 टाके कुठे मोजले, हे महत्त्वाचे आहे. साध्या सुलट विणीत नव्हे, तर त्याच जाळीचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावेत, कारण धुतल्यावर जाळी उघडते आणि रुंदावते. तुकडा सपाट विणला आणि लेगवॉर्मर गोल विणला तरीही ताण बदलतो, कारण अनेकांचा हात उलट ओळीत थोडा सैल पडतो.

पोटरी 40 सेंमी असेल तर? पाचवा नमुना वाढवल्यास 90 टाक्यांचे जवळपास 41 सेंमी होतात आणि नळी घसरते. अर्धा नमुना वाढवता येत नाही. अशा वेळी टाके 72 च ठेवून सुई बदलावी. पायाच्या निमुळत्या आकारालाही हाच उपाय लागू पडतो. घोट्याकडे 3.25, मध्यावर 3.75 आणि पोटरीच्या फुगवट्यावर 4 मिमी सुई घेतली, की जाळीत एकही टाका न वाढवता नळी पायाप्रमाणे रुंदावत जाते. नमुन्याच्या मधोमध टाके वाढवून लाटा विस्कटवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

आता काठ. घोट्याचे माप घेऊन भागत नाही. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरून तिरकी टेप फिरवून जे माप येते, तेवढा काठ ताणला गेला पाहिजे. भाचीचा घोटा 22 सेंमी होता आणि हे तिरके माप 32, आणि मी फसले ती इथेच. टाके जाड सुईवर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने टाके फक्त उंच होतात. काठ ताणला जावा असे वाटत असेल, तर दोन टाक्यांमध्ये धाग्याला थोडी फट ठेवावी लागते. वरचा काठ बंद करताना दोन टाके मागच्या बाजूतून एकत्र विणावेत, तयार झालेला टाका डाव्या सुईवर परत घ्यावा आणि असेच पुढे जावे. फेरी जोडण्यापूर्वी काठ सुईभोवती पिळलेला नाही ना, हेही पाहावे. चार-पाच फेऱ्यांनंतर लक्षात आलेला पीळ उसवल्याशिवाय जात नाही.

जाळीतल्या चुका मोजणीने सापडतात. सहा जोड्यांनी सहा टाके कमी होतात आणि सहा वेढ्यांनी सहा वाढतात, म्हणून प्रत्येक नमुना पुन्हा अठरावरच यायला हवा. सतरा भरले तर बहुधा वेढा राहिला आहे. एकोणीस भरले तर जोडी चुकली आहे किंवा धागा नकळत सुईवरून फिरला आहे. राहिलेल्या वेढ्यासाठी उसवायची गरज नाही. पुढच्या फेरीत त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा समोरून मागे असा डाव्या सुईवर उचलून टाक्याच्या पुढच्या बाजूतून विणावा; मागच्या बाजूतून विणला तर पीळ पडून भोक बुजते. पाच सुयांचा संच असेल, तर प्रत्येक सुईवर नेमका एक नमुना बसतो आणि नमुन्याच्या दोन्ही टोकांना जोड्या असल्यामुळे वेढा सुईच्या कडेवरून निसटत नाही. तरीही दर बारा फेऱ्यांनी, पहिल्या साध्या फेरीनंतर, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा, म्हणजे उसवावे लागलेच तर काम तिथे थांबते. मी हा आळस केला की हटकून तेव्हाच टाका सुटतो.

जाळी एकटी पाय धरून ठेवत नाही. वर किमान सहा सेंमी, बारीक सुईवर, दोन सुलट-दोन उलट पट्टी हवी. तेवढ्याने भागले नाही, तर पट्टीच्या आतल्या बाजूने इलॅस्टिकचा बारीक दोरा दोन-तीन फेऱ्यांत ओवावा.

दुसरा लेगवॉर्मर टेपने मोजून विणू नये, कारण लोंबलेली जाळी हवे ते माप दाखवते. पहिल्याचे नमुने मोजून लिहून ठेवावेत आणि सुई कुठे बदलली तेही लिहावे. धुलाई जोडीची एकाच वेळी करावी. खरी लोकर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि गुंडाळलेल्या मासिकावर चढवून वाळवावी, म्हणजे बाजूला घडीची रेघ उमटत नाही. अ‍ॅक्रिलिकची जाळी पाण्याने उघडत नाही, तिला वाफ लागते. पण इस्त्री दोन-तीन सेंमी वरच धरावी आणि पट्टीवर अजिबात नेऊ नये, कारण वाफेने लुळे पडलेले अ‍ॅक्रिलिक पुन्हा आक्रसत नाही.