लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स: दहा सेकंदांचा निळा स्क्रीन चुकवू नका

उबुंटू किंवा मिंट लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आतच दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) बसवणं म्हणजे एका ओळीचं काम, असं सांगणारे लेख ढिगाने सापडतात. ओळ एकच आहे, हे खरं. पण ती चालवून तो आभासी संगणक, म्हणजे मशीन, सुरू करायला जावं, तर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ अशी पाटी तोंडावर येते आणि नेमके तिथेच ते लेख संपलेले असतात.

बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची आभासी संगणक चालवण्याची सोय, चालू आहे ना, ते आधी बघा. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स, म्हणजे त्याला जोडायचे ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइली, बसवलेले असू द्या. मग टर्मिनल उघडून ‘सुडो ऍप्ट इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स’. सॉफ्टवेअर सेंटरमधून बसवू नका, कारण मध्येच एक महत्त्वाचा प्रश्न विचारला जातो आणि तो डोळ्यांसमोर यायला हवा.

तो प्रश्न सिक्युअर बूटचा. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारं कुलूप. ते चालू असेल तर उबुंटूचा कर्नल ओळखीच्या सहीचेच मॉड्यूल (कर्नलला जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) आत घेतो. व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल मात्र डीकेएमएस हे साधन तुमच्याच संगणकावर तयार करतं आणि त्यावर सही करतं तुमच्याच संगणकाने बनवलेल्या चावीने. ही चावी बूट प्रक्रियेच्या ओळखीची नसते. ती ओळख तुम्हालाच करून द्यावी लागते, तीही संगणकासमोर बसून, हाताने. दूरवरून कुणाला किंवा एखाद्या घुसखोर प्रोग्रॅमला ते परस्पर करता येऊ नये, म्हणूनच ही कटकट ठेवली आहे.

म्हणून इन्स्टॉल होताना टर्मिनलमध्ये एक पासवर्ड मागितला जातो. (चावी आधीच नोंदलेली असेल तर मागत नाही.) आठ ते सोळा अक्षरांचा हा पासवर्ड एकदाच लागतो, त्यामुळे हुशारी नको: लहान लिपीतली साधी इंग्रजी अक्षरं टाका आणि कागदावर लिहून ठेवा. पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो. तुमची मांडणी वेगळी असेल आणि पासवर्डात चिन्हं असतील, तर बरोबर टाइप करूनही तो चुकीचा ठरतो.

आता रीबूट. निळा स्क्रीन येतो आणि कोणतंही बटण दाबा म्हणतो. दहा सेकंद थांबतो, मग निघून जातो. मी पहिल्यांदा हे सगळं केलं तेव्हा असा स्क्रीन येणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि पुढची बरीच डोकेफोड त्यापायी झाली. तेव्हा रीबूट देऊन चहाला उठू नका. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर वायरचा जोडून ठेवा, कारण ब्लूटूथ बहुधा इथे जागं झालेलं नसतं.

बटण दाबलं की मेनू उघडतो. निवडलेला असतो पहिला पर्याय, ‘कंटिन्यू बूट’. सवयीने एंटर मारलात की संधी गेली. एक घर खाली उतरून ‘एनरोल एमओके’ (एमओके म्हणजे तुमच्या संगणकाने बनवलेली तीच चावी) घ्या, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग पासवर्ड. टाइप करताना काहीच उमटत नाही, घाबरू नका. शेवटी ‘रीबूट’.

स्क्रीन हुकलाच, तर व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा बसवत बसू नका. बिघाड तिथे नाहीच. ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट’ या कमांडला ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक’ फोल्डरातली ‘एमओके.डीईआर’ फाइल द्या, नवा पासवर्ड ठेवा, रीबूट करा. निळा स्क्रीन परत येईल. काम झालं का ते ‘सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही’ने कळतं: गप्प राहिलं तर जमलं, ‘की वॉज रिजेक्टेड’ म्हणालं तर चावी अजून नोंदलेली नाही.

‘त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद करून टाका’ हा सल्ला देणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. पाच मिनिटांच्या कामासाठी पूर्ण संगणकाचं एक कुलूप कायमचं काढायचं? त्यात शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारा विंडोजचा भाग) चालू असेल, तर पुढच्या वेळी तो रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती कुठे ठेवली हे ऐनवेळी कुणाला आठवतं? चावी एकदा नोंदवली की पुढे कर्नल बदलला तरी डीकेएमएस त्याच चावीने सही करत राहतं.

कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा असेल तर आणखी एक अडचण येऊ शकते. केव्हीएम, म्हणजे आभासी संगणक चालवणारं लिनक्सचं स्वतःचं मॉड्यूल, चढताक्षणी व्हीटी-एक्स ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची तक्रार करतं. ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ने तात्पुरतं सुटतं, एएमडीवर ‘केव्हीएम_एएमडी’.

मशीनच्या आत यूएसबी हवं असेल तर स्वतःला ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी व्हीबॉक्सयूजर्स’ आणि पुढे तुमचं यूजरनेम (ए लहान लिपीत, जी मोठ्या). त्यातला ‘ए’ गाळलात तर बाकीच्या सगळ्या गटांतून, सुडोसकट, तुमचं नाव कटतं. नंतर लॉगआउट करून परत या. यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेंशन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सला वेगळी बसवायची जोड) लागतो, हे आवृत्ती ७.० पासून शिळं झालं आहे. पॅक वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे. ऑफिसच्या संगणकावर सहज म्हणून टाकू नका.

नवं मशीन बनवताना त्याला निम्म्याहून जास्त रॅम देऊ नका. आणि गेस्ट ऍडिशन्स (मशीनच्या आतल्या सिस्टिमसाठीचे ड्रायव्हर आणि साधनं) त्या मशीनच्या आत बसवायच्या असतात, बाहेरच्या लिनक्सवर नाही.