गेमच्या डब्यावर घरचं शूटिंग लावताय? या चुका टाळा

दिवाळीत फोन ठरलेला असतो. "अरे, प्लेस्टेशनला पेनड्राइव्ह लावलाय, काहीच दिसत नाही." नातेवाईक बदलतात, चूक तीच.

बहुतेक वेळा तो ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीत असतो. कॉम्प्युटरवर चालतो म्हणून इथेही चालेल, असं आपण धरून चालतो. प्लेस्टेशन ३ (पीएस३) फक्त फॅट३२ ही पद्धत ओळखतो, पीएस४ला फॅट३२ आणि एक्सफॅट चालतं. त्यात फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आयफोनवर एच.२६४ या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या व्हिडिओ प्रकारात फोर-के शूटिंग केलं तर मिनिटाला साधारण ३५० एमबी जातात, म्हणजे साधारण बाराव्या मिनिटालाच बारसं अडकतं, पाळणा हलायच्या आधी. पीएस४साठी मी डोळे झाकून एक्सफॅट करतो. आणि व्हिडिओ एखाद्या फोल्डरमध्ये टाका, उघड्यावर ठेवू नका.

आता ज्या चुकीवर माझा खरा राग आहे ती. मूळ आणि एकमेव कॉपी असलेली हार्ड डिस्क कन्सोलला, म्हणजे गेमच्या डब्याला लावणे.

आमच्याच घरातली गोष्ट. आत्याच्या लग्नाची १९९६ची कॅसेट मी चार रात्री बसून डिजिटल केली होती. पाडव्याला सगळे हॉलमध्ये जमले. दुसरी कॉपी करायला तासभर लागणार होता आणि "कशाला, लाव ना सरळ" म्हणणारे दहाजण होते. लावली. कन्सोलने विचारलं, ही डिस्क गेमसाठी फॉरमॅट करायची का? भाचा रिमोट घेऊन बसलेला. त्या वयात प्रश्न वाचायचा नसतो, बटण दाबायचं असतं. दाबलं. डिस्क रिकामी दिसते म्हटल्यावर त्याने लगेच एक गेम डाउनलोडलाही लावला, आणि तो मोठा घात झाला. नुसतं फॉरमॅट झालं असतं तर बरंच परत मिळालं असतं. वरून नवीन डेटा लिहिला गेला की खालचा गेला. रिकव्हरी सॉफ्टवेअरने पंगती परत दिल्या, मंगलाष्टकं दिली, सप्तपदी नाही दिली. काका म्हणाले, "म्हणजे आमचं लग्न कायदेशीर नाही राहिलं." सगळे हसले, आत्या सोडून. कॅसेट शाबूत होती म्हणून पुन्हा चार रात्री घालवल्या.

असा प्रश्न आला की "नाही" म्हणा. चुकून "हो" झालंच, तर डिस्क त्या क्षणी काढून ठेवा, तिच्यावर काही लिहू देऊ नका. माझ्याकडे आता ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह फक्त टीव्हीसाठी आहे. तो गेला तरी कोणी रडणार नाही.

आवाज येतो, चित्र नाही? किंवा फाइलच उघडत नाही? बरेच नवे फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतात, पीएस४च्या मीडिया प्लेअरला ते कळत नाही. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी४ लिहिणाऱ्यांना माझा दंडवत. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही. हँडब्रेक हे व्हिडिओचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. एच.२६४, १०८० उंची, एएसी आवाज एवढं निवडायचं आणि रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून झोपायचं. दहा मिनिटांत होणारे ऑनलाइन कन्व्हर्टर मी वापरत नाही. घरच्या बायकापोरांचं शूटिंग अनोळखी सर्व्हरवर कशाला चढवायचं? जुन्या कॅसेटचं असेल तर डीइंटरलेस चालू करा, नाहीतर अक्षता उडाल्या की चित्राला कंगव्यासारखे दात फुटतात.

पीएस५ घेतलाय? पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ तो सरळ वाजवत नाही. घरात प्लेक्स (कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून दाखवणारं ॲप) लावा, किंवा पेनड्राइव्ह टीव्हीलाच खोचा.

शूटिंगवाल्याने दिलेली डीव्हीडी असेल तर आधी डब्याला खाच आहे का बघा. एक्सबॉक्स सिरीज एसला नाही.

आणि कंट्रोलर सोफ्यावर टाकू नका. कोणीतरी त्यावर बसतं, मागचं बटण दाबलं जातं आणि वरात पळत सुटते.