मिरज स्टेशनबाहेर झोपलेल्या माणसाला निवारा केंद्रात नेताना

बारा वर्षं मिरज जंक्शनला रात्रीची रिक्षा मारतोय. त्यात शिकलेलं सांगतो.

झोपलेल्याला हलवून उठवू नका, पोलीस आले असं वाटून घाबरतो. जरा लांब उकिडवं बसा, "काका, जेवला काय?" म्हणा. मराठीत उत्तर आलं नाही तर "ऊटा आयता?" विचारा, कर्नाटकातनं उतरलेले पुष्कळ असतात. चहा पोटात गेल्यावरच निवाऱ्याची गोष्ट काढायची.

आणि गाठोडं! एका आजोबांचं कळकट गाठोडं मी फुटपाथवरच सोडलं. अर्ध्या वाटेत कळल्यावर म्हातारा चालत्या रिक्षातनं उतरायला लागला. रेशनकार्ड, बायकोचा फोटो, सगळं त्यात. तेव्हापासून आधी गाठोडं चढवतो, मग माणूस.

निघायच्या आधी केंद्राला फोन करा. जागा आहे का, बाई असेल तर वेगळी खोली आहे का. मी एकदा रात्री अकराला एका दारातनं "आधार कार्ड घेऊन सकाळी या" ऐकून परतलोय; तो माणूस रिक्षातच झोपला. खरं तर केंद्र सरकारच्या शहरी बेघरांसाठीच्या योजनेत लाख लोकसंख्येमागं एक निवारा, चोवीस तास उघडा, माणशी किमान 50 चौरस फूट असं लिहिलं होतं. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड पाच लाखांवर होतं. हिशेब करा.

पोलिसांना फोन लावला तर "भिकारी" म्हणू नका, "बेघर" म्हणा. 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहे. वॉरंटशिवाय धरता येतं, पहिल्याच खेपेला कोर्ट एक ते तीन वर्षं डांबू शकतं. हाच माणूस गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला उतरला तर? दिल्ली हायकोर्टानं 2018 साली तिथं भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. गाडी तीच, माणूस तोच.

जखम, ताप असेल तर 108. भ्रमिष्टासारखा फिरत असेल तर 112 वर तसं सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणं अशाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं काम आहे. कलमाचा आकडा पाठ ठेवा, उपयोगी पडतो.

नको म्हणाला तर ओढाताण करू नका. एक मावशी नवव्या रात्री तयार झाल्या. तोवर चादर द्या. पावसाळ्यात चादरीपेक्षा प्लास्टिकचा कागद बरा.